वैद्यकशाळेच्या उंबरठ्यावरची पारख

[नभोवाणीवरील भाषण]

वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश देतांना उमेदवाराला समोर बसवून त्याच्याशीं जें बोलणें केलें जातें, त्या मुलाखतीविषयीं आज चार गोष्टी सांगण्याचें मीं योजिलें आहे. विषय वरवर पाहतां थोड्या विद्यार्थ्यांपुरता आणि त्यांच्या पालकांपुरता वाटतो. परंतु किंचित् खोल गेलें म्हणजे तो आपणां सर्वांचाच आहे असें दिसून येतें. आज जी मुलगी किंवा जो मुलगा त्या खोलींत बसून उत्तरें देत आहे, त्याच्याच हातीं आणखी दहा वर्षांनीं आपली नाडी असणार. ती कोणाच्या हातीं द्यावी हें ठरविण्याची रीत चुकली, तर तिचा दंड परीक्षकाला नव्हे, रोग्याला भरावा लागतो.

मी आयुष्यभर शाळामास्तरकी केली. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं आणि वैद्यकशास्त्राचा मला गंधही नाहीं. परंतु मुलांची परीक्षा घेणें हा माझा रोजचा व्यवसाय होता. तोंडी परीक्षेंत मुलाची पारख कशी होते आणि कशी फसते, हें मीं जवळून पाहिलें आहे. तेवढ्याच अधिकारावर हें बोलणें आहे.

मुलाखतींतील मूळ प्रश्न किती जुना आहे पाहा. १८८३ सालच्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहांत एक महाराष्ट्रीय तरुणी इंग्रजींतून बोलावयास उभी राहिली. वयाचीं अठरा वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. या आनंदीबाई जोशी. अमेरिकेस जाऊन वैद्यक शिकण्याचा त्यांचा संकल्प कळल्यापासून लोकांनीं ज्या प्रश्नांनीं त्यांना भंडावून सोडलें होतें, ते सहा प्रश्न त्यांनीं स्वतःच सभेपुढें मांडले आणि एकेकाचें उत्तर दिलें. अमेरिकेस कशासाठीं जातां? हिंदुस्थानांत शिक्षणाची सोय नाहीं काय? एकट्या कां जातां? परत आल्यावर जात वाळींत टाकणार नाहीं काय? परदेशीं संकट ओढवलें तर काय कराल? आणि आजवर स्त्रीजातींत कोणीं केलें नाहीं, तें तुम्हीं कां करावें?

त्याच वर्षीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनीं प्रवेशासाठीं पत्र पाठविलें. आपली तयारी नियमांस सर्वस्वीं पुरी पडत नसेल, ही गोष्ट त्यांनीं त्यांत लपविली नाहीं. आपल्या देशांतील स्त्रियांना स्त्री-वैद्याची केवढी निकड आहे आणि ती भागविण्याचा आपला निश्चय किती दृढ आहे, एवढें मात्र स्पष्ट लिहिलें. महाविद्यालयानें त्यांना प्रवेश दिला आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. प्रवेशाच्या मुलाखतींत काय पाहावयाचें असतें, असें मला कोणीं विचारलें तर मी म्हणेन, त्या पत्रांत जें होतें तेंच: हेतूचा खरेपणा, स्वतःच्या उणिवेची जाणीव आणि कष्टाची तयारी.

आतां आपल्या देशांतील आजची स्थिति पाहूं. २०१६ सालापासून वैद्यकाच्या पदवी-अभ्यासक्रमासाठीं 'नीट' ही एकच प्रवेशपरीक्षा सर्व देशभर लागू झाली, आणि २०२० पासून दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थाही तिच्याच कक्षेंत आल्या. एकशें ऐंशी प्रश्न, सातशें वीस गुण. प्रत्येक प्रश्नाचीं चार उत्तरें छापलेलीं असतात. त्यांतील बरोबर असेल त्यावर खूण करावयाची. आपल्या मराठींतूनही ही परीक्षा देतां येते. या सगळ्या व्यवहारांत उमेदवाराचें तोंड कोणी पाहत नाहीं आणि त्याचा शब्दही कोणी ऐकत नाहीं.

हें असें कां झालें? मुलाखत आपल्याला ठाऊकच नव्हती असें मुळींच नाहीं. म्हैसूर राज्यांत वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीं मुलाखतीचे गुण धरले जात. त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, तेव्हां १९६४ सालीं न्यायालयानें ती पद्धति उचलून धरली. पुढें श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचें प्रकरण आलें. तेथें लेखी परीक्षेस १०० गुण, तर मुलाखतीस ५० गुण; आणि एकेका उमेदवारास वेळ मिळे अवघीं दोन-तीन मिनिटें. त्यांतही बाप काय करतो, राहावयास कोठें, असलेच प्रश्न. १९८० सालच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, एकतृतीयांश गुण मुलाखतीच्या हातीं देणें हें मनमानीचें आहे. शेंकडा पंधरांहून अधिक गुण तिला नसावेत, आणि तेथील बोलणें ध्वनिमुद्रित करून ठेवणें इष्ट होय.

या निकालामागें गरीब बापाच्या मनांतील एक भीति उभी आहे. लेखी परीक्षेंत वशिला चालवावयाचा तर चोरी करावी लागते. मुलाखतींत नुसतें हंसलें तरी पुरतें. ज्याला कोणाची ओळख नाहीं, ज्याचें इंग्रजी अडखळतें, ज्याचा सदरा दुसऱ्याचा मागून आणलेला आहे, त्याला कागदावरची खूणच अधिक न्यायी वाटते. ही भीति खोटी आहे असें म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं.

तथापि उलट बाजूही विचारांत घेण्याजोगी आहे. तामिळनाडूंतील वेलूर येथें डॉ. आयडा स्कडर यांनीं उभारलेल्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयांत उमेदवारांना बोलावून, कित्येक दिवस ठेवून घेऊन, मुलाखती व सामुदायिक कामें यांवरून त्यांची निवड करण्याची जुनी परंपरा होती. खेड्यांतील दवाखान्यांत जाऊन कोण टिकेल, हें गुणपत्रिकेवरून कळत नाहीं असें त्या संस्थेचें म्हणणें. 'नीट'चा प्रश्न आला तेव्हां २०१७ सालीं तिनें पदवीच्या शंभर जागांपैकीं एकच भरली आणि बाकीच्या रिकाम्या ठेवल्या. शेवटीं २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकच परीक्षा सर्वांस लागू असल्याचा निर्णय दिला. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, हेंच या वादाचें मर्म होय.

महाराष्ट्रांत आजही एके ठिकाणीं मुलाखत घेतली जाते. तें ठिकाण म्हणजे पुण्याचें सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, १९४८ सालीं स्थापन झालेलें. 'नीट'च्या गुणांवरून निवडलेल्या उमेदवारांस तेथें बोलावतात. भाषा, आकलन व तर्क यांची एक चाचणी, एक मानसशास्त्रीय चाचणी, आणि मग मुलाखत. पदवीनंतर सैन्यांत अधिकारी म्हणून सेवा करणें बंधनकारक असल्यामुळें, समोरच्या मुलाला हें जीवन मानवेल काय, हें त्यांना पाहावेंच लागतें. याशिवाय आपलीं अनेक मुलें परदेशीं वैद्यक शिकण्यासाठीं जातात, आणि इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत मुलाखतीवांचून प्रवेश सहसा मिळत नाहीं.

मग मुलाखतीनें माणूस खरोखर कळतो काय? याचें एक मासलेवाईक उदाहरण अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत, ह्यूस्टन शहरीं घडलें. तेथील वैद्यकीय महाविद्यालयानें १९७९ सालीं सुमारें आठशें उमेदवारांच्या मुलाखती घेऊन त्यांची क्रमवार यादी केली आणि वरच्या भागांतून दीडशें विद्यार्थी घेतले. इतक्यांत प्रांताच्या विधिमंडळानें आणखी पन्नास विद्यार्थी घेण्यास सांगितलें. तोंवर वरचे सारे दुसरीकडे गेलेले. तेव्हां यादीच्या तळाशीं जे उरले होते, त्यांतून पन्नास घ्यावे लागले. हे मागें पडले होते ते मुख्यतः मुलाखतींतील मतामुळें. पुढें त्यांचा अभ्यास, रुग्णालयांतील काम आणि पदवीनंतरचें पहिलें वर्ष, या सर्वांची तुलना करून १९८७ सालीं ती प्रसिद्ध करण्यांत आली. पहिले दीडशें आणि मागाहून आलेले पन्नास यांच्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

श्रोतेहो, शहाण्या, अनुभवी प्राध्यापकांनीं तासन्‌तास बसून जी निवड केली, ती अशी निष्फळ कां व्हावी? याचें एक कारण थॉर्नडाइक नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९२० सालींच दाखवून दिलें होतें. सैन्यांतील वरिष्ठांनीं हाताखालच्या अधिकाऱ्यांना शरीर, बुद्धि, नेतृत्व, शील अशा निरनिराळ्या सदरांखालीं जे गुण दिले होते, ते त्यानें ताडून पाहिले. ज्याला एका सदरांत चांगले गुण, त्याला बहुधा सगळ्यांतच चांगले! म्हणजे पाहणाऱ्याच्या मनावर एका गुणाची जी प्रभा पडते, तिच्या उजेडांत त्याला बाकीचे गुणही उजळ दिसूं लागतात. उंचापुरा, हंसतमुख मुलगा आंत आला कीं तो हुशार व सचोटीचाही वाटूं लागतो. शाळेंत सुंदर अक्षराच्या मुलाला निबंधांत दोन गुण जास्त मिळतात, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरें कारण याहून खोल आहे. माणूस सगळ्या प्रसंगीं सारखा नसतो. घरच्या संकटांत धीर न सोडणारा मुलगा वर्गांत फळ्यापुढें थरथरतो. एकाच माणसानें, एकाच खोलींत, एकाच विषयावर अर्धा तास बोलून जें मत बनविलें, तें त्या अर्ध्या तासापुरतें खरें असेल; पण तेवढ्यावरून सबंध माणूस मोजणें म्हणजे एका गणितावरून वर्षाचा निकाल लावण्यासारखें आहे.

हें ओळखून कॅनडांतील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठानें या शतकाच्या आरंभीं एक नवी रीत काढली. तिची मूळ कल्पना स्कॉटलंडची. डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनीं १९७५ सालीं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्याची अशी पद्धत प्रसिद्ध केली होती कीं, विद्यार्थ्यानें एका जागेवरून दुसऱ्या जागीं जात जावें आणि प्रत्येक ठिकाणीं एकेक लहान काम करून दाखवावें. मॅकमास्टरच्या केव्हिन ईव्हा प्रभृति अभ्यासकांनीं तीच युक्ति प्रवेशाच्या मुलाखतीस लावली व ११७ उमेदवारांवर केलेला प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध केला.

रीत अशी. एका लांब ओवरींत दहा खोल्या आहेत असें समजा. प्रत्येक दारावर एक कागद लावलेला. त्यावर एक प्रसंग किंवा प्रश्न लिहिलेला. उमेदवारानें दोन मिनिटें तो वाचून मनाशीं विचार करावयाचा. घंटा झाली कीं आंत जावयाचें. आंत एक परीक्षक. आठ मिनिटें झालीं कीं पुन्हां घंटा, आणि पुढच्या दारापाशीं. अशा दहा खोल्या, दहा विषय, दहा निरनिराळे परीक्षक. एका खोलींत जीभ अडखळली तरी दुसऱ्या खोलींतल्या परीक्षकास त्याचा पत्ता नसतो. तेथें नवी पाटी. एका परीक्षकाच्या मनावर पडलेली प्रभा दुसऱ्याच्या मनावर पडत नाहीं. बोलण्याची रीत, युक्तिवादाचें बळ आणि वैद्यकीस लागणारी योग्यता, एवढ्याकडे पाहून गुण द्यावयाचे.

खोल्यांतून काय विचारतात, त्याचे दोन-तीन मासले सांगतों. पहिला मासला. एक डॉक्टर आपल्या रोग्यांना असें औषध देतो कीं, ज्याचा गुण सिद्ध झालेला नाहीं आणि ज्यावर त्याचा स्वतःचाही विश्वास नाहीं. पण त्यानें रोग्याला बरें वाटतें, अपाय कांहीं होत नाहीं. यांत वावगें काय? दुसरा. विनाकारण दवाखान्यांत येणाऱ्यांची गर्दी कमी व्हावी म्हणून प्रत्येक भेटीस थोडी फी बसवावी काय? तिसरा. खेड्यांत डॉक्टर नाहींत. तेव्हां तेथें दोन-तीन वर्षें काम करण्याचें कबूल करणाऱ्या उमेदवारास प्रवेशांत अग्रक्रम द्यावा काय? या प्रश्नांस छापील बरोबर उत्तर नाहीं. थोड्या फीनें गर्दी कमी होईल हें खरें; पण प्रथम घरीं कोण बसेल? ज्याच्या खिशांत ती फी नाहीं तो. त्याचा आजार हलका असेलच असें नाहीं. हा दुसरा विचार ज्याच्या मनांत आपोआप येतो, त्याच्यांत वैद्याचें कांहीं तरी बीज आहे असें परीक्षक समजतो.

एक प्रसंग तर फारच मार्मिक आहे. तुम्हीं आपली गाडी मागें घेतांना शेजारच्या किंमती मोटारीचा दिवा फोडला. रखवालदारानें तें पाहिलें आणि मालकाचें नांव तुम्हांला दिलें. तो मालक आंत बसला आहे; जा आणि त्याच्याशीं बोला. आंत एक नट मालकाचें सोंग घेऊन बसलेला असतो. कोणी गेल्याबरोबर सबबी सांगूं लागतो. कोणी खिशांतून पैसे काढतो. कोणी इतकें गयावया करतो कीं मालकालाच त्याची समजूत घालावी लागते. क्वचित् एखादा मात्र सरळ सांगतो, "गाडीचें नुकसान माझ्या हातून झालें," आणि मग गप्प राहून समोरच्याचा राग ऐकून घेतो. उद्यां ऑपरेशन बिघडल्यावर रोग्याच्या नातलगांपुढें उभें राहावयाचें आहे, तें याच चार वाक्यांच्या बळावर. गाडीच्या दिव्याचें निमित्त. पारख त्या दिवसाची आहे.

ही रीत पुढें अनेक देशांत पसरली. २०१२ सालीं मॅकमास्टरच्याच अभ्यासकांनीं असें दाखविलें कीं, या पद्धतीनें निवडलेल्या विद्यार्थ्यांनीं, तेथें नाकारलेल्या पण दुसरीकडे प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षां, राष्ट्रीय परवाना-परीक्षांत अधिक गुण मिळविले. तरीही ती निर्दोष आहे असें कोणीं समजूं नये. मोकळें बोलण्याचा स्वभाव ज्याचा, त्याला ती सोपी जाते. अबोल पण मायाळू मूल मागें पडूं शकतें. पैसे घेऊन दहा खोल्यांची तालीम देणारे शिकवणीवालेही निघाले आहेत. चाळण बारीक झाली, एवढेंच म्हणतां येईल.

आतां ज्या विद्यार्थ्यांना, पुण्यास असो वा परदेशीं असो, मुलाखतीस जावयाचें आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द. "डॉक्टर कां व्हावयाचें?" हा प्रश्न येणारच. "लोकसेवा करण्यासाठीं" हें उत्तर शेंकडों ओठांतून आलेलें असतें. त्यापुढचा प्रश्न असतो, "शिक्षक होऊन किंवा परिचारिका होऊन लोकसेवा होत नाहीं काय?" तेथें पाठ केलेलें भाषण संपतें. म्हणून आधीं आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत चार दिवस जाऊन बसा. औषधाच्या खिडकीपाशीं रांग कशी लागते, आशा सेविका घरोघर काय विचारतात, रात्रीं बाळंतीण आली म्हणजे कोणाची धांवपळ होते, हें डोळ्यांनीं पाहा. एक म्हातारी डॉक्टरला दुखणें सांगतांना आधीं सुनेची तक्रार कां सांगते, याचा विचार करा. मग उत्तर शोधावें लागणार नाहीं.

प्रश्न पुरा ऐकून घ्या. ज्याला प्रश्न ऐकवत नाहीं, त्याला उद्यां रोग्याचें गाऱ्हाणें ऐकवणार नाहीं. वादाच्या विषयांत दोन्ही बाजू मांडा. पण शेवटीं आपलें मत सांगा, कारण रोग्याच्या उशाशीं उभें राहून निर्णय घ्यावाच लागतो. जें ठाऊक नसेल तेथें "मला ठाऊक नाहीं" म्हणा. या तीन शब्दांची किंमत शाळेंत शून्य गुण असते. वैद्यकींत त्यानें प्राण वांचतात. न येणारें येतें असें दाखविणारा डॉक्टर हा रोगापेक्षांही भयंकर होय.

आणि पालकांना एक विनंति. शाळेंत मुलाला नांव विचारलें तर बाप उत्तर देई, असें मीं कैक वेळां पाहिलें आहे. त्या मुलाला पुढें आपला प्रश्न आपण सोडविण्याची संवय लागत नसे. वैद्यकी ही तुमची हौस आहे कीं मुलाची, हा प्रश्न परीक्षकानें विचारण्याआधीं घरींच विचारला जावा. उत्तर "तुमची" असें आलें तर तें निमूटपणें ऐकून घेण्याचें धैर्य आपल्यापाशीं असावें. जो मनाविरुद्ध डॉक्टर झाला, तो स्वतःही दुःखी आणि त्याचा रोगीही दुःखी.

आपल्याकडे बहुसंख्य मुलांची मुलाखत होत नाहीं. मग हें सारें त्यांना निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. २०१९ सालीं सुरू झालेल्या वैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमांत वृत्ति, नीति आणि संवाद या तीन गोष्टी सर्व वर्षांत शिकविण्याची योजना घालण्यांत आली आहे. म्हणजे जी पारख आपण दारावर करीत नाहीं, ती घडण आंत गेल्यावर करावी, असा मार्ग आपल्या देशानें पत्करला आहे. मला शिक्षक या नात्यानें तो आशेचा वाटतो. गुण हे जन्माबरोबर येतात आणि परीक्षकानें ते फक्त हुडकावयाचे, असें मानलें तर शिक्षकाला कामच उरत नाहीं. मात्र हे तास इतर तासांप्रमाणें हजेरीपुरते उरले, तर दारही उघडें आणि घरही रिकामें, अशी आपली गत होईल. त्या तासांना कोण शिकवितो आणि कसें शिकवितो, इकडे समाजानें लक्ष ठेवावें. कारण त्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्यांच्या पुढेंच आपल्याला एक दिवस हात पुढें करावयाचा आहे.